आपा मेनाच्या खांद्यावरचा हात आणि उंबराची फळी

पाटीपेन्सिल | ७ जून, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होतं, आज मुहूर्त लागला.

सात-आठ वर्षांपूर्वी पॅरिसला लूव्रमध्ये गेलो होतो. मोनालिसापुढे जत्रा भरली होती. अर्धा तास धक्के खाल्ल्यावर वर धरलेल्या मोबाईलांच्या फटीतून बाईंचं कपाळ तेवढं दिसलं आणि मी काढता पाय घेतला. त्याच देनों विंगमध्ये, खालच्या अंगाला, कॉप्टिक इजिप्तची दालनं होती. तिथे चिटपाखरू नव्हतं. एक सुरक्षारक्षक, मी, आणि भिंतीवर पाटाएवढी एक चौकोनी फळी.

पाटाएवढी म्हणजे अगदी जेवायला बसायच्या पाटाएवढी. ५७ सेंटिमीटर बाय ५७ सेंटिमीटर, जाडी सुमारे २ सेंटिमीटर. तिच्यावर दोन माणसं समोर तोंड करून उभी आहेत. उजवीकडे येशू: काळे केस, दाढी, डोक्यामागे क्रूस असलेली प्रभावळ, काखेत रत्नजडित ग्रंथ. डावीकडे पांढऱ्या दाढीचा म्हातारा, हातात छोटी गुंडाळी. मागे हिरवट टेकड्या, वर नारिंगी-गुलाबी आभाळ. आणि येशूचा उजवा हात त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर टाकलेला. आशीर्वाद देताना ठेवतात तसा नाही. चहाच्या टपरीवर मित्राच्या गळ्यात टाकतो तसा.

म्हाताऱ्याचं नाव शेजारी लिहिलंय: आपा मेना, प्रोएस्तोस. प्रोएस्तोस म्हणजे मठाचा प्रमुख. 'आपा' म्हणजे बाबा, बापू. कॉप्टिक साधूंच्या नावाआधी लागतो. आपल्या 'अप्पा'शी नातं नाही, हा सेमिटिक भाषांतल्या 'अब्बा'चा भाऊ; पण मी त्या क्षणापासून त्यांना मेनाअप्पाच म्हणतो. येशूच्या डोक्याशी लिहिलेला शब्द तर फारच गोड आहे. ग्रीकमध्ये 'सोतेर' म्हणजे तारणारा. कॉप्टिकमध्ये 'तो' दाखवायला शब्दाला पुढे 'प्' लागतो. प् अधिक सोतेर, 'प्सोतेर'. आता ग्रीक लिपीत 'प्स'साठी एक स्वतंत्र अक्षर आयतंच होतं, तर लिहिणाऱ्याने तेच वापरलं. म्हणजे एका भाषेचं उपपद आणि दुसऱ्या भाषेचं नाम एकाच जोडाक्षरात. आपण क् आणि ष मिळून क्ष लिहितो ना, तसं.

चित्र सहाव्या ते आठव्या शतकातलं मानतात. सापडलं मध्य इजिप्तमध्ये बावीत इथे, आपा अपोलो या साधूने चौथ्या शतकाच्या अखेरीस स्थापन केलेल्या मठात. १९०१ च्या सुमाराला फ्रेंच पुरातत्त्व संस्थेने तिथे खणायला सुरुवात केली, निघालेला माल कैरो आणि पॅरिस असा वाटला गेला, त्यात ही फळी लूव्रच्या वाट्याला आली.

पण मला बोलायचंय ते चित्राइतकंच लाकडाबद्दल. ही फळी सायकमोर अंजिराची आहे. शास्त्रीय नाव फायकस सायकोमोरस. आपल्या उंबराचं हे सख्खं चुलत भावंड: फळं तशीच, खोडाला आणि जाड फांद्यांना थेट लगडलेली. हे वाचलं आणि ते चित्र मला एकदम परकं वाटेनासं झालं. मेनाअप्पा दत्ताच्या झाडावर बसलेत असं वाटायला लागलं.

म्हणून हा धागा. पहिल्या सहस्रकातल्या कॉप्टिक रंगीत लाकडाबद्दल ज्यांना जे ठाऊक असेल ते लिहा. धर्मावर भांडण नको, त्यासाठी इतर धागे ओसंडून वाहतायत.

टिकली | ७ जून, रात्री १०:१५

छान लिहिलंय! पण कॉप्टिक म्हणजे नक्की कोण? आमच्या शाळेतल्या इतिहासात इजिप्त क्लिओपात्रापाशी संपला तो एकदम सुवेझ कालव्यापाशी उघडला.

पाटीपेन्सिल | ७ जून, रात्री १०:३८

टिकली, हेहेहे, सगळ्यांचंच तसं आहे. कॉप्ट म्हणजे मूळचे इजिप्शियनच. ग्रीक 'आयगुप्तिओस'चं अरबीत 'किब्त' झालं, त्याचं पुढे कॉप्ट. पिरॅमिड बांधणाऱ्यांचीच भाषा, फक्त ग्रीक अक्षरांत लिहिलेली. ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांसाठी जुन्या इजिप्शियन देमोटिक लिपीतून सहा-सात अक्षरं उसनी घेतली. धर्म ख्रिस्ती. इ.स. ४५१ च्या कॅल्सिडन परिषदेनंतर कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चशी त्यांचं फाटलं, ६४१ च्या आसपास इजिप्त अरबांच्या ताब्यात गेलं. मेनाअप्पांची फळी या सगळ्या धामधुमीच्या आगेमागे कधीतरी रंगवलेली.

दुर्बीण | ८ जून, सकाळी ७:०५

वाखूसा (वाचनखूण साठवली).

थोडी भर. हे सेंट मीनास म्हणजे उंटवाले ना? दोन गुडघे टेकलेल्या उंटांमध्ये उभे असतात ते. त्यांच्या समाधीवरून यात्रेकरू मातीच्या चपट्या कुप्यांतून पवित्र पाणी-तेल नेत असत, आपण काशीहून गंगेचा गडू आणतो तसं. त्या कुप्या युरोपभर सापडल्यात. आणि दुसरं, सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातला सहाव्या शतकातला मेणरंगातला येशू हाही याच परंपरेतला, कॉप्टिकच.

पाटीपेन्सिल | ८ जून, सकाळी ८:२०

दुर्बीणराव, दोन्ही ठिकाणी जरा थांबा.

उंटवाले मीनास वेगळे. ते सैनिक, हुतात्मा, त्यांचं क्षेत्र अलेक्झांड्रियाजवळचं अबू मेना. आमचे मेनाअप्पा साधे मठाधिपती. प्रोएस्तोस हा शब्द त्यासाठीच लिहिलाय. नाव एक म्हणून दोघांची सरमिसळ फार होते, छापील मजकुरातही. पण फरक पडतो. हुतात्म्याच्या खांद्यावर देवाने हात टाकला तर त्यात नवल नाही. इथे मठाचा कारभार बघणारा, कोठाराच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस आहे.

सिनाईचा मठ ग्रीक ऑर्थोडॉक्स, जस्टिनियन बादशहाने बांधलेला. कॉप्टिक नव्हे. पण तुमचा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही, कारण तंत्र एकच. शिवाय दोन्हीकडची चित्रं वाचण्याचं एक कारणही सारखं आहे. आठव्या-नवव्या शतकात बायझंटाईन साम्राज्यात देवादिकांची चित्रं फोडण्या-जाळण्याची लाट आली, ती ८४३ ला थांबली. तोवर इजिप्त आणि सिनाई मुसलमानी राज्यात होते, बादशहाचा हुकूम तिथे चालत नव्हता. म्हणून आज त्या काळातली लाकडावरची चित्रं शोधायची तर कॉन्स्टँटिनोपलला नाही, वाळवंटाकडे वळावं लागतं. इतिहासाचे विनोद असेच असतात.

रंधा | ८ जून, दुपारी २:१०

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. कुडाळजवळ आमचं सुतारकामाचं दुकान आहे, तिसरी पिढी.

उंबराचं नाव वाचून थांबलो. आमच्याकडे उंबराच्या लाकडाला कोणी हात लावत नाही. एक तर दत्ताचं झाड. दुसरं म्हणजे लाकूड हलकं, मऊ, कीड लगेच धरते. फर्निचरला शून्य. एकच गुण: पाण्याखाली टिकतं, म्हणून जुने लोक विहिरीच्या तळाच्या कड्याला वापरत. मग या लोकांनी देव रंगवायला हेच का घेतलं? शिसव नाही, सागवान नाही, उंबर?

पाटीपेन्सिल | ८ जून, रात्री ९:००

रंधासाहेब, तुमचीच वाट बघत होतो.

कारण दुसरं होतं कुठे? इजिप्तमध्ये जंगल नाही. नदी, नदीकाठची काळी माती आणि मग वाळू. रुंद फळी निघेल असं गावातलं मोठं झाड म्हणजे सायकमोर. फेअरोंच्या काळापासून शवपेट्या त्याच्याच. बाकी मग बाभूळ, झाऊ, बोराच्या जातीतलं सिद्र. आणि बाभूळ म्हणजे तुमच्या-माझ्या बांधावरची तीच बाभूळ: तिच्या शास्त्रीय नावातलं 'निलोटिका' म्हणजे नाईलकाठची. कठीण, टिकाऊ, पण वाकडीतिकडी. होड्या आणि चाकं करावीत, चित्राची सपाट फळी निघायची मारामार.

चांगलं लाकूड बाहेरून यायचं. देवदार लेबनॉनहून. पहिल्या ते तिसऱ्या शतकातली, इजिप्तच्या फायूम भागातली ती मोठ्या डोळ्यांची ममीवरची चित्रं आठवतात? त्यांतली बरीचशी युरोपातून आणलेल्या लिंडनच्या फळ्यांवर आहेत. काही फळ्या दोनेक मिलिमीटर जाडीच्या, ममीच्या चेहऱ्यावर वाकवून बसवता याव्यात म्हणून इतक्या पातळ. आयात केलेलं, महाग लाकूड. त्यापुढे मेनाअप्पांची बोटभर जाड गावठी फळी बघा. मठाने जे अंगणात उगवतं ते घेतलं.

आणि लाकूड दुर्मीळ म्हणून ते फेकत नसत. दाराची फळी पेटीला, पेटीची खुर्चीला, शेवटी चुलीत. आज संग्रहालयांत दिसणारं कॉप्टिक लाकूड म्हणजे चुलीत जायचं चुकलेलं लाकूड. मिशिगन विद्यापीठाने १९२४ ते १९३५ या काळात फायूममधलं करानिस गाव खणलं, तिथून लाकडाचे कंगवे, कुलपं, चाकांची खेळणी असा सगळा संसार निघाला. गाव ओस पडलं, वर वाळू आली, चूल विझली म्हणून ते वाचलं.

रंधा | ८ जून, रात्री ९:२५

हे पटलं. आमच्याकडेही जुन्या माजघराच्या कडीपाटाचे देव्हारे झालेत.

आता तुम्ही परत कधी गेलात तर एक बघा. मऊ लाकडावर थेट रंग टिकत नाही, रेषा फुटते. आधी लांबी भरावी लागते. आम्ही जुन्या कामात खडू आणि सरस वापरायचो.

मेणकापड | ८ जून, रात्री ११:५०

रंधा यांनी बरोबर ओळखलंय. मी रसायनशास्त्र शिकवते, रंग हा जुना नाद. लाकडावर खडूची किंवा जिप्समची पूड सरसात कालवून पांढरं अस्तर देत. फायूमच्या काही फळ्यांवर नुसता सरसाचा हात मारून थेट रंग. मग रंगवायच्या दोन रीती. एक, रंगाची पूड सरसात किंवा अंड्यात. दुसरी, वितळलेल्या मधमाशांच्या मेणात, तिला एन्कॉस्टिक म्हणतात. मेण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळतं आणि हात फिरेपर्यंत थिजायला लागतं, त्यामुळे चित्रकाराला विचार करायला सवडच नाही. जवळून पाहिलं तर गालावर कुंचल्याचे, तापवलेल्या धातूच्या पात्याचे ओरखडे दिसतात, लोण्यावरून सुरी फिरवल्यासारखे. मेणरंगातल्या चेहऱ्यांना ती जी ओलसर चमक असते ती तिथून येते.

आता रंगांची यादी वाचा आणि सांगा परदेशी वाटते का: गेरू, पिवळी माती, काजळी, नीळ, मंजिष्ठ, शेंदूर, हरताळ. आजीच्या देव्हाऱ्यात आणि आजोबांच्या बटव्यात मिळून सगळं निघालं असतं. नीळ आणि हरताळ एकत्र करून हिरवा. मंजिष्ठेच्या मुळांचा रंग पांढऱ्या भुकटीवर चढवून गुलाबी. एकच माल आपल्याकडे नव्हता: इजिप्शियन निळा, म्हणजे वाळू, चुना, तांबं आणि क्षार भट्टीत हजारेक अंशांपर्यंत भाजून केलेला काचेसारखा निळा पदार्थ. त्याची गंमत अशी की त्यावर साधा उजेड टाकला तर तो अवरक्त किरणांत चमकतो. तसा कॅमेरा लावला की डोळ्यांना करड्या दिसणाऱ्या सावलीतही तो ताऱ्यांसारखा उजळतो. फायूमच्या काही चित्रांत चित्रकारांनी तो असा गुपचूप मिसळलेला आढळलाय.

शेंदूर, म्हणजे शिशाचा लाल रंग, याचीही एक कथा आहे. लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात हेराक्लाइदेस नावाच्या तरुणाची दुसऱ्या शतकातली ममी आहे, सगळं कापड शेंदूर फासल्यासारखं लाल. त्या रंगाच्या तपासणीने पार स्पेनमधल्या रिओ तिंतोच्या खाणींकडे बोट दाखवलं.

अवांतर: हरताळ म्हणजे आर्सेनिकचं पिवळं सल्फाइड, जहाल. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हाच पिवळा फासून वर पुन्हा लिहीत, तिथून आपलं 'हरताळ फासणे' आलं. एकाच रंगाने तिथे साधूंची प्रभावळ उजळायची आणि इथे लेखनिकाची चूक झाकायची.

टिकली | ९ जून, सकाळी ६:५५

मेणकापडताई, हे अवांतर नाही, हाच धागा आहे _/\_

अंजीर | ९ जून, सकाळी ९:३०

मेरिलँडहून लिहितोय, माझ्याकडे रात्र आहे. आयडी योगायोगाने विषयाला धरून आहे.

तुम्ही सगळे भिंतीवरच्या फळीबद्दल बोलताय, मला पुस्तकाच्या पुठ्ठ्याबद्दल सांगायचंय. इथे वॉशिंग्टनला फ्रीअर गॅलरीत एक ग्रीक हस्तलिखित आहे, चार शुभवर्तमानांचं, म्हणजे येशूच्या चार चरित्रांचं, चौथ्या शतकाच्या अखेरचं किंवा पाचव्याच्या सुरुवातीचं, कातड्याच्या पानांवर. रेल्वेचे डबे बनवण्याच्या धंद्यात पैसा केलेल्या चार्ल्स लँग फ्रीअर यांनी ते १९०६ मध्ये गिझाच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं. त्याला दोन लाकडी फळ्यांचं आवरण आहे आणि ते पुस्तकाहून दोनेकशे वर्षांनी धाकटं, सातव्या शतकातलं. फळ्यांवर मेणरंगात चार लेखक उभे आहेत, प्रत्येकाच्या हातात जडवाचा ग्रंथ. एका फळीवर मॅथ्यू आणि जॉन, दुसरीवर ल्यूक आणि मार्क. बायबल चाळलेले म्हणतील क्रम चुकला, मॅथ्यू-मार्क-ल्यूक-जॉन हवा. चुकलेला नाही. या हस्तलिखितात पानंच त्या जुन्या क्रमाने लावलीत. म्हणजे आवरण रंगवणाऱ्याला आत काय आहे ते पक्कं ठाऊक होतं.

मला यात भावतं ते असं. पुस्तक जुनं झालं, कडा झिजल्या, तेव्हा कुणीतरी त्याला नवं घर दिलं, आणि घराच्या दारावर आत राहणाऱ्यांची चित्रं काढली. दाराला पाटी लावतात तशी. छोटंसं आहे, एकवीस बाय चौदा सेंटिमीटर, शाळेच्या वहीएवढं. हातात धरायचं, चुंबायचं, मिरवणुकीत न्यायचं. वस्तू म्हणूनच पूज्य होतं ते.

दुर्बीण | ९ जून, दुपारी १२:४०

पाटीपेन्सिल, कान धरले. चूक मान्य.

अंजीर, पोथीच्या लाकडी पाट्या आपल्याकडेही रंगवत, जैन पोथ्यांच्या पाहिल्यात. तुलना करत नाही, फक्त आठवलं.

नाकसमोर | ९ जून, रात्री ८:१५

सगळ्यांचं कौतुक चाललंय म्हणून जरा विरुद्ध सूर लावतो. चित्र गूगलून पाहिलं. डोकी मोठी, धडं आखूड, पाय कुठे आहेत पत्ता नाही, कपड्याच्या चुण्या फूटपट्टीने ओढलेल्या. हजार वर्षं आधी फायूमवाले किती जिवंत चेहरे काढत होते! ही अधोगती नाही का? जुनं आणि देवाचं म्हणून डोक्यावर घ्यायचं का?

टिकली | ९ जून, रात्री ८:३२

हजार नाही हो, चार-पाचशे वर्षं आधी.

पाटीपेन्सिल | ९ जून, रात्री १०:१०

नाकसमोर, प्रश्न रास्त आहे. शंभर वर्षांपूर्वीचे विद्वानही असंच म्हणत. मी दुसऱ्या फळीचं उदाहरण देतो.

बर्लिनच्या बोडे संग्रहालयात आपा अब्राहाम यांचं चित्र आहे, साधारण इ.स. ६०० चं. आकार वहीच्या दोन पानांएवढा. लक्सरजवळच्या हर्मोंथिसचे हे बिशप. राहायचे कुठे, तर देर अल-बहरीला, राणी हातशेपसुतच्या देवळात. देऊळ तेव्हा दोन हजार वर्षं जुनं झालं होतं, त्याच्या गच्च्यांवर मातीच्या विटांनी सेंट फोइबामोनचा मठ उभारला होता. देर अल-बहरी या अरबी नावाचा अर्थच 'उत्तरेकडचा मठ'. एकोणिसाव्या शतकात राणीचं देऊळ मोकळं करायला आलेल्या पुरातत्त्वज्ञांनी, शेवटी एदुआर नाव्हील यांनी, तो मठ अडगळ समजून काढून टाकला. नाव राहिलं, मठ गेला. माझा राग त्यावर जास्त आहे, पण असो.

या अब्राहामांचं मृत्युपत्र लंडनमध्ये आहे, पपायरसवर, ग्रीकमध्ये. त्यात ते सांगतात की मला ग्रीक येत नाही, म्हणून मजकूर मला इजिप्शियन भाषेत समजावून सांगितला. मठ त्यांनी शिष्य व्हिक्टरच्या नावे केला. म्हणजे या माणसाचा चेहरा आपल्याकडे आहे आणि आवाजही. चेहरा कसा? पांढरे केस, टोकदार दाढी, रोखून बघणारे प्रचंड डोळे. चित्रकाराला खरंखुरं म्हातारपण काढता येत नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला 'हा माणूस कसा दिसतो' हे सांगायचंच नव्हतं, 'हा तुमच्याकडे बघतोय' हे सांगायचं होतं. फायूमचा माणूस मेलेला आहे आणि आपण त्याला बघतो. इथे बघणारा तो आहे.

धडं आखूड का, तर मेनाअप्पांची फळी चौकोनी आहे. उभ्या माणसांना चौकोन दिला की एक तर माणसं बारीक करा नाहीतर आखूड. त्याने चेहरे मोठे ठेवले, पाय तोडले नाहीत, दडपून बसवले. मला तरी हा निर्णय योग्य वाटतो.

नाकसमोर | ९ जून, रात्री १०:४५

चौकोनाचा मुद्दा पटला. डोळ्यांचा अर्धा. माझं मत फायूमलाच.

मेणकापड | ९ जून, रात्री ११:२०

नाकसमोर, फायूम आणि हे यांच्यामध्ये एक पायरी आहे ती बघा. गेटीतच सेरापिस आणि इसिस या देवतांच्या दोन रंगीत लाकडी फळ्या आहेत, जुन्या धर्माच्या, मधल्या एका माणसाच्या चित्राला दोन बाजूंनी झडपांसारख्या असाव्यात अशा. इसिसचे डोळे पाहा, समोरून रोखलेले. घरच्या देव्हाऱ्यात रंगीत फळी ठेवायची रीत ख्रिस्ती लोकांनी काढलेली नाही. देव बदलला, फळी तीच राहिली.

कल्याण_स्लो | १० जून, सकाळी ८:०२

दिवा स्टेशनला उभा आहे, गाडी सुटेपर्यंत लिहितो.

कल्याणकरांनी इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी होता, कॉस्मस, त्याला पुढे इंडिकोप्लेउस्तेस म्हणजे 'हिंदुस्थानला जहाजाने गेलेला' असं टोपणनाव पडलं. त्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कल्लियाना' बंदराबद्दल लिहून ठेवलंय. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते आपलं कल्याण. तिथून काय निर्यात होतं? पितळ, कापड, आणि लाकडाचे ओंडके! लाकडाचं नाव तो 'सेसामिना' असं देतो, ते शिसव-शिसमाच्या जातीचं असावं असं मानतात. वर तिथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणहून नेमलेला येतो, असंही सांगतो.

म्हणजे मेनाअप्पांचा मठ भरात असताना कल्याणच्या खाडीतून लाकूड जहाजात चढत होतं. गाडी सुटली, बाकी नंतर.

अंजीर | १० जून, सकाळी ८:४०

जबरी!

लगेच 'मेनाअप्पांची फळी कल्याणची' असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड निघू नये म्हणून सांगतो: ती उंबराची, तिकडचीच. पण आपलं लाकूड तिथे पोचत होतं याला जमिनीतला पुरावा आहे. तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके बंदर, सहाव्या शतकापर्यंत नांदतं होतं. तिथल्या उत्खननात सागवान भरपूर निघालं, बरंचसं मोडलेल्या जहाजांचं, घरांच्या बांधकामात पुन्हा वापरलेलं. त्याच गावात साडेसात किलो काळी मिरी भरलेला भारतीय रांजणही सापडलाय. जहाज मोडलं तरी सागवान कोण टाकणार!

रंधा | १० जून, दुपारी १:३०

सागवान टाकत नाहीत हे दोन हजार वर्षांपूर्वीही कळत होतं म्हणजे. बरं वाटलं.

परवाच्या वादळात मागच्या परसातल्या उंबराची एक मोठी फांदी आली खाली. मुद्दाम तोडायची हिंमत नव्हती, आपण होऊन पडली. फळी काढून बघतो. खडू, सरस, गेरू, सगळं घरात आहे. कळवतो.

टिकली | १० जून, दुपारी १:४२

फोटो टाका हं काका! प्रतीक्षेत.

पाटीपेन्सिल | १० जून, रात्री ९:१५

रंधासाहेब, क्या बात! पण ओली फळी लगेच रंगवू नका, हे तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं.

नाकसमोर | २ जुलै, रात्री ९:५०

धागा वर काढतो. रंधा, काय झालं फळीचं?

रंधा | १८ ऑगस्ट, रात्री ८:३०

उशीर झाला, गणपतीच्या मखरांची कामं होती.

ऐका. फांदी चिरली. आत लाकूड फिकट, पिवळसर, ओलं कचकचीत, चिकाने करवत भरली. दीड फूट बाय एक फूट, बोटभर जाड अशी फळी काढली. तीन आठवडे चुलीवरच्या फळकुटावर धुरात वाळवली, म्हटलं कीड तरी लागायची नाही. रंधून मागे दोन आडव्या पट्ट्या मारल्या वळू नये म्हणून. वर खडू-सरसाचे चार हात, प्रत्येक हात वाळला की काचकागद. जुलैच्या मध्याला पांढरीशुभ्र, हात फिरवला तर शहाबादीसारखी थंड लागायची. मुलीने मोबाईलवर बघून काजळीने मेनाअप्पा काढले, गेरूने झगा. डोळे तिला छान जमले. खरंच बघायचे हो ते, माजघरात कुठेही उभं राहा.

मग आला श्रावण. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, भिंती घामेजतात. आठ दिवसांत सरस मऊ पडला. पंधरा दिवसांत पट्ट्या सोडून फळी केळीच्या पानासारखी वळली, अस्तराला उभ्या भेगा, एका भेगेने अप्पांचं नाक गेलं. मागून हिरवी बुरशी. शेवटी कोपऱ्यात बारीक भोकं आणि पिठासारखा भुसा. धूर दिलेला होता तरी.

आता कळलं तुमची ती फळी तेराशे वर्षं कशी टिकली. कारागिराचं कसब आहेच, पण निम्मं श्रेय त्या वाळूचं. कोकणात मठ असता तर तेरा पावसाळेही काढले नसते.

टिकली | १८ ऑगस्ट, रात्री ८:४४

अरेरे! मुलगी हिरमुसली असेल ना?

मेणकापड | १८ ऑगस्ट, रात्री ९:३०

सरस म्हणजे शेवटी जनावराच्या कातड्याचं जेलीसारखं सत्त्व, हवेतलं पाणी ओढतो आणि बुरशीला तर पंचपक्वान्न. पुढच्या वेळी मेणरंग करा, मेण पाणी धरत नाही. किडीचं मात्र मी काही करू शकत नाही.

पाटीपेन्सिल | १८ ऑगस्ट, रात्री १०:०५

रंधासाहेब, निम्म्या श्रेयाचं अगदी कबूल. वाळू आणि मागे कोणी न फिरकणं. फळी टाकली का?

रंधा | १९ ऑगस्ट, सकाळी ७:१०

टाकतोय कशाला. आईने पाण्याच्या रांजणावर झाकण केलंय. वळलेली असल्यामुळे काठावर बरोब्बर बसते. अप्पा खालच्या बाजूला.

मुलगी नवी मागतेय. दुकानात शिसवीचा एक तुकडा पडलाय, तो तासून ठेवतो. दिवाळीनंतर मेण आणू.

कल्याण_स्लो | १९ ऑगस्ट, सकाळी ८:०६

शिसव! कल्याणहून बोलतोय, जहाज कधी लावू?

(गाडी आज चक्क वेळेवर आहे.)